नदीच्या पंचांगाने जा

मनोरी

प्रिय बाय,



तू पाठवलेला बेत सावकाश वाचला. नाताळच्या सुट्टीत आठ रात्री, त्यात झांबियातला व्हिक्टोरिया धबधबा, काफुए, दक्षिण लुआंग्वा आणि जमलं तर परतताना टांझानियातलं सेरेंगेटी. खाली तुझी एक ओळ: ‘मावशी, तू तिकडे राहिलीस, एकदा नजर टाक.’ नजर टाकली आणि सांगायचं इतकं साठलं की फोनवर मावलं नसतं. पत्र मासिकाला देऊ का, असं विचारलं तेव्हा तू लगेच हो म्हणालीस, ते बरं झालं. आफ्रिकेतल्या एखाद्या आडबाजूच्या नदीकाठी जाऊन जनावरं बघावीत, असं मनात असलेली पुष्कळ माणसं आता आपल्यात आहेत. बहुतेकांना पैसे साठवून आयुष्यात एकदाच जायचं असतं. त्यांच्याही उपयोगी पडेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तारखा सुट्टीवरून ठरवू नकोस, नदीवरून ठरव. चार ठिकाणं करू नकोस, एकाच नदीकाठी राहा. आणि तिथे गेल्यावर गाडीतून उतरून पायी चाल. बाकीचं सगळं नियोजन यातूनच निघतं.

मनोरीत वाढलेल्या मुलीला यातली पहिली गोष्ट पटायला वेळ लागू नये. तुझे आजोबा होडी काढायचे ते तिथी बघून. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण कुठवर चढेल, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती कशी मरगळलेली असेल, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. खाडीला सवड असेल तेव्हा माणसानं जायचं, हे आम्ही न शिकवता शिकलो. लुआंग्वा नदीलाही पंचांग आहे. ते पंधरवड्याचं नाही, वर्षाचं आहे, एवढाच फरक.

त्या नदीशी माझी ओळख शाळेमुळे झाली. 24 ऑक्टोबर 1964 ला झांबिया स्वतंत्र झाला, तेव्हा त्या अख्ख्या देशात पदवी घेतलेली स्थानिक माणसं शंभराच्या आसपास होती. नव्या सरकारनं भराभर शाळा काढल्या आणि शिक्षक बाहेरच्या देशांतून बोलावले. भारतातून गेलेल्यांत पुढे मी आणि तुझे काकाही होतो. मलावीच्या सरहद्दीजवळच्या चिपाता गावात आम्ही शिकवायचो. तिथे गुजराती दुकानदारांची जुनी वस्ती, त्यामुळे डाळी-मसाल्यांचे हाल झाले नाहीत. चिपात्याहून शंभरावर किलोमीटर गेलं की म्फुवे, आणि म्फुवेला लुआंग्वा. त्या वेळी तो रस्ता मातीचा होता, आता डांबरी झालाय.

ही नदी मलावीच्या सीमेलगतच्या माफिंगा डोंगरांत उगम पावते आणि सुमारे साडेसातशे किलोमीटर नैर्ऋत्येकडे वाहत जाऊन झांबेझीला मिळते. तिच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. म्हणून पावसाळ्यात ती मनसोक्त फुगते, काठ कापते, वळण बदलते आणि जुनं वळण मागे टाकून जाते. भूगोलाच्या पुस्तकात शिकलेली नालाकृती सरोवरं तिथे ओळीनं पडलेली दिसतात. नदी आटली की जनावरांना हीच तळी जगवतात. खालच्या अंगाला न्देवू घळीत मोठं धरण बांधायचा बेत होता. 2019 मध्ये सरकारनं तो थांबवला. तसं झालं नसतं तर मी आज तुला हे असं लिहू शकले असते की नाही, कोण जाणे.

आता तिचे महिने बघ. पाऊस नोव्हेंबरच्या सुमाराला येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. खोऱ्यातली पुष्कळ माती आपल्या विदर्भासारखी काळी, कपाशीची. पहिल्या जोरदार सरीनंतर तिच्यात गाडीचं चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. त्यामुळे रानाच्या आतल्या भागातल्या छोट्या छावण्या पावसाआधी बंद होतात. त्यांतल्या कित्येक गवत-बांबूच्याच असतात. त्या उतरवून ठेवतात आणि पुढच्या हंगामात नव्यानं बांधतात. तू ठरवलेल्या नाताळात त्या आतल्या रानात तुला कुणी नेऊच शकणार नाही. गवत माणसाच्या डोक्यावर गेलेलं, पाणी जागोजागी साचलेलं. नदीवर येण्याची गरज नसलेली जनावरं दूरवर पांगतात. त्या दिवसांतही रान सुंदर असतं. इम्पाला हरणांची पिल्लं तेव्हाच जन्मतात, लांबून पक्षी आलेले असतात आणि पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये पुराच्या पाण्यातून झाडांच्या राईत होडी घालता येते. पक्ष्यांसाठी जाणाऱ्यानं तेव्हा जरूर जावं. तुझ्या पत्रात मात्र हत्ती, सिंह, बिबट्या आणि पायी भटकंती लिहिलंय. त्याला हा हंगाम नव्हे.

मे-जूनमध्ये गवत पिवळं पडायला लागतं आणि छावण्या एकेक करून उघडतात. जून-जुलैच्या पहाटे चांगल्याच गार असतात. उघड्या गाडीत मांडीवर घोंगडी घेऊन बसावं लागतं. ऑगस्टपासून आतले पाणवठे आटत जातात आणि सगळं रान नदीकडे सरकायला लागतं. सप्टेंबरमध्ये झाडं बोडकी, नजर लांब जाते, नदी वाळूच्या पट्ट्यांमधून आक्रसून वाहते आणि उरलेल्या डोहांत पाणघोडे एकमेकांना खेटून पडलेले असतात. ऑगस्टच्या शेवटापासून लालभडक रंगाचे वेडे राघू येतात. आपल्या कुंपणाच्या तारेवर बसणाऱ्या हिरव्या वेड्या राघूचे हे भाऊबंद. नदीनं कापलेल्या उभ्या दरडीत शेकडो बिळं करून ते वसाहतीनं राहतात. नदीनं दर पावसाळ्यात दरड नव्यानं कापली तरच त्यांना घरटं करायला ताजी भिंत मिळते. ऑक्टोबरमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या महिन्यात जनावरं सर्वांत जास्त दिसतात, पण दुपारी माणसाला काही सुचत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: गणपतींचं विसर्जन झालं की निघा आणि नवरात्राच्या आधी परत या. पितृपक्षाचा पंधरवडा बहुतेक वर्षी सप्टेंबरमध्ये किंवा ऑक्टोबरच्या तोंडाशी येतो. घरी कार्य नसतं, नातेवाइकांकडची आमंत्रणं नसतात. लेकीची शाळा बुडेल, ती बुडू दे. वर्गशिक्षिकेला आधी भेटून सांग. मी स्वतः आयुष्यभर शिक्षिका होते, म्हणून हे जबाबदारीनं लिहितेय. आणि यंदाचं नाताळचं बुकिंग केलं नसशील तर करूच नकोस, पुढच्या वर्षावर टाक. चांगल्या छोट्या छावण्यांत मोजक्याच खाटा असतात, त्यामुळे सप्टेंबरसाठी वर्षभर आधी विचारणं भागच असतं.

दुसरी गोष्ट, एकच नदी. व्हिक्टोरिया धबधबा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याचं पंचांग वेगळं आहे. झांबेझीला पूर येतो एप्रिलच्या सुमाराला. लुआंग्वाकाठी जनावरांची दाटी होते तेव्हा धबधब्याच्या झांबियाकडच्या बाजूला पाणी ओसरून काळा कातळ उघडा पडायला लागलेला असतो. दोन्ही गोष्टी भरात असताना एका फेरीत बघता येत नाहीत. सेरेंगेटी तर वेगळा देश, वेगळं गवताळ रान, वेगळा प्रवास. जागा बदलायची म्हटली की सामान बांधा, छोट्या विमानाची वाट बघा, पुन्हा नव्या मार्गदर्शकाशी पहिल्यापासून ओळख करा. यात प्रत्येक वेळी एक अख्खा दिवस जातो आणि तोच दिवस तू सर्वांत महाग विकत घेतलेला असतो.

त्याऐवजी सगळ्या रात्री लुआंग्वालाच दे. निम्म्या म्फुवेजवळ, निम्म्या आतल्या एखाद्या छावणीत. दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान 9,050 चौरस किलोमीटरचं आहे. आपलं बोरिवलीचं उद्यान शंभराहून थोडं अधिक. तू कितीही राहिलीस तरी ते संपणार नाही. पहिल्या दिवशी सगळेच हत्ती सारखे दिसतात. मग त्यांतली एक फाटक्या कानाची हत्तीण ओळखू येते. नंतर ती रोज कुठून पाण्यावर उतरते ते कळतं, आणि एका सकाळी ती तिथे का आली नाही, हा प्रश्न पडतो. हा प्रश्न पडायला लागला की आपण रानात पोचलो असं समजावं. मारुती चितमपल्ली नवेगावबांधच्या तळ्याकाठी वर्षानुवर्षं राहिले, तिथल्या जाणत्या माणसांच्या मागे फिरले, म्हणून त्यांच्या लिहिण्यात पक्ष्यांच्या सवयी इतक्या बारकाव्यानं आल्या. आपल्याकडे तेवढी वर्षं नाहीत, पण आहेत ते दिवस एका जागी घालवणं आपल्या हातात आहे.

तिसरी गोष्ट चालण्याची. पर्यटकांना रानातून पायी नेण्याची पद्धत याच खोऱ्यात रुजली. देश तेव्हा उत्तर ऱ्होडेशिया होता. वन्यप्राणी खात्यात काम केलेल्या नॉर्मन कार यांनी 1950 मध्ये कुंडा लोकांचे प्रमुख न्सेफू यांना विनंती केली, की आपल्या जमातीच्या जमिनीचा एक भाग वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवा, पाहुणे तिथे जनावरं बघायला येतील आणि त्याचे पैसे तुमच्या लोकांना मिळतील. शिकारीसाठीच लोक येत त्या काळात हे बोलणं धाडसाचं होतं. न्सेफूंनी होकार दिला, छावणी उभी राहिली आणि पुढे कार यांनी पाहुण्यांना पायी न्यायला सुरुवात केली.

आजही रीत साधारण तीच आहे. सर्वांत पुढे बंदूक घेतलेला वनरक्षक, त्याच्यामागे परीक्षा देऊन परवाना मिळवलेला मार्गदर्शक, मग एकामागे एक मोजके पाहुणे. बोलायचं नाही, रांग मोडायची नाही आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. मार्गदर्शक अधूनमधून चिमूटभर राख किंवा माती हवेत सोडून वारा बघतो. पाणघोडा रात्री चरायला बाहेर पडतो आणि उजाडता उजाडता पाण्यात परततो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये आपण यायचं नाही. गाडीतून सिंह जास्त जवळून दिसतो, हे खरं आहे. पायी चालताना तो दोनशे पावलांवर असला तरी अंगातलं रक्त वेगळं वाहतं आणि सिंह नसलेल्या वेळातही डोळ्यांना काम मिळतं. तरसाची विष्ठा पांढरी का, तर त्यानं हाडं चावून खाल्लेली असतात. वारुळावरच झाड का, तर तिथली माती कसदार आणि पुराच्या पाण्यापासून उंच. ते झाड पुष्कळदा चिंचेचं असतं. चिंच मूळची आफ्रिकेचीच. आपल्याकडे गोरखचिंच म्हणतात ते बाओबाबही तिथे भेटतात, हत्तींनी साल सोलून खाल्लेले. बारा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक छावण्या चालायला नेत नाहीत. लेकीला बारा पूर्ण झाली आहेत, ही तुमच्या जमेची बाजू. तिला सांग, हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की त्याच्या खांद्याची उंची जवळपास कळते. एक दोरी बरोबर द्या, ती रमेल.

या चालण्याची तयारी इथेच करता येईल. ओहोटीला तिला घेऊन मनोरीला ये. खाडीच्या चिखलात चिंबोरीचं बीळ कोणतं, निवटी कुठून सरपटली, तुतारी पक्ष्यानं चोच कुठे खुपसली, हे आपल्या पाड्यावरची कुठलीही म्हातारी कोळीण दाखवेल. तिवरांच्या कडेनं कोल्ह्याचा माग मिळाला तर नशीब. मुंबईच्या तिवरांत कोल्हे अजून आहेत, हे शहरातल्या बहुतेकांना माहीत नसतं. आणि तुमच्या बोरिवलीतली दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून निघते ती आमच्या मनोरीच्या खाडीत येऊन मिळते. वर बिबटे, खाली खाडी आणि मध्ये तुमच्या इमारती. लेकीला ही नदी एकदा उगमाकडून मुखाकडे दाखव. लुआंग्वाला रात्री दिवा लावून उद्यानात गाडी न्यायला परवानगी आहे. तिथे बिबट्या दिसेल तेव्हा तिला कळायला हवं, की ह्याचा भाऊ आपल्या घरामागच्या डोंगरात राहतो.

आता थोडं सामानाचं. ल्युसाकाहून म्फुवेला जाणारी विमानं छोटी असतात. वजनाची मर्यादा कडक असते आणि आतल्या छावण्यांच्या विमानांत ती बहुधा पंधरा किलोच्या आसपास धरतात. कडक बॅग नको, कापडी घे. कपडे मातकट, खाकी, शेवाळी. निळा आणि काळा रंग त्सेत्से माशीला ओढून घेतो, तिला पकडायचे सापळेही त्याच रंगांचे करतात. पहाटेसाठी लोकरी टोपी, दुपारसाठी रुंद काठाची टोपी. दुर्बीण माणशी एक घे. एकीत तिघांनी बघायचं म्हटलं की तिसऱ्याची पाळी येईपर्यंत पक्षी उडतो. खोऱ्यात मलेरिया आहे, त्याच्या प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि कधीपासून घ्यायच्या ते डॉक्टरांना विचार, लेकीचं वजन सांगून. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं आधीच बघून ठेव. परतताना आपल्याच विमानतळावर दाखला मागतात आणि तो लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. ही लस ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते निघण्याआधी झांबियाच्या उच्चायोगाकडूनच विचारून घे. जेवणाची काळजी नको. मक्याच्या पिठाची न्शिमा आणि पालेभाजी तुला आवडेल. कपेंता नावाची बारीक वाळवलेली मासळी मिळाली तर सोडू नकोस. मी ती सुकटीसारखी कांद्यावर परतायचे.

शेवटी पैशाचं, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ही सहल स्वस्त होणार नाही. म्हणूनच तुझे पैसे कुणाच्या हातात पडतात, ते बघणं तुझं काम आहे. या खोऱ्यानं सोसलेलं फार आहे. सत्तरच्या दशकात इथे काळे गेंडे हजारोंनी होते. शिंगांसाठी त्यांची इतकी कत्तल झाली की 1998 मध्ये झांबियातून गेंडा नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. 2003 पासून उत्तर लुआंग्वात तो पुन्हा आणून सोडायला लागले. दक्षिणेत तो तुला दिसणार नाही. हस्तिदंतासाठी हत्तीही बेसुमार मारले गेले. आज हत्ती पुन्हा दिसतात, ते म्फुवेच्या आसपासच्या गावांतल्या माणसांमुळे. रात्री मक्याच्या शेतात हत्ती शिरला तर वर्षाचं धान्य एका रात्रीत जातं. ज्याचं शेत जातं त्यालाच आपण हत्ती वाचवायला सांगत असतो.

तिथे ‘कन्झर्व्हेशन साउथ लुआंग्वा’ ही संस्था शिकारीचे फास काढते, गस्त घालणाऱ्यांना मदत करते आणि मिरचीचा वापर करून हत्ती शेताबाहेर ठेवायला शेतकऱ्यांना शिकवते. ‘कोमाको’ नावाची संस्था शिकार सोडणाऱ्यांना शेती आणि मधाचा धंदा शिकवून त्यांचा माल चांगल्या भावानं विकत घेते. छावणीला बुकिंगआधी पत्र लिही आणि सरळ विचार: तुमचे मार्गदर्शक आणि स्वयंपाकी कोणत्या गावचे? मार्गदर्शकांत स्थानिक किती? माझ्या बिलातला किती भाग गावाकडे आणि गस्तीकडे जातो? गावातल्या शाळेशी तुमचं नातं काय? प्रामाणिक छावणीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट ती सविस्तर उत्तर पाठवते. ज्यांचं उत्तर गुळमुळीत येईल त्यांच्याकडे जाऊ नकोस, मग तिथली खोली कितीही सुंदर असो.

हे मी मनोरीत बसून लिहितेय म्हणून जास्त कळकळीनं लिहितेय. आपल्या या पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र आणायचा प्रस्ताव आला तेव्हा गोराई, मनोरी, उत्तनच्या लोकांनी विरोध केला होता. पाहुणे नकोत असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. पाहुण्यांसाठी आपली जमीन, आपली खाडी आपल्याच हातून जाऊ नये, एवढंच म्हणणं होतं. न्सेफूंनी 1950 मध्ये ज्या बोलीवर होकार दिला, तिच्यातही हेच होतं. आपण त्या काठावर जाऊन उतरू तेव्हा ती बोली पाळणाऱ्या बाजूला असलं पाहिजे.

तेव्हा असं कर. या आठवड्यात चार-पाच छावण्यांना पत्र पाठव, सप्टेंबर विचार, हे प्रश्न विचार. उत्तरं आली की मला पाठव, आपण दोघी बसून निवडू. आणि म्फुवेला उतरलीस की पहिल्यांदा भेटेल त्या माणसाला थांबून ‘मुली ब्वांजी’ म्हण, त्याची ख्यालीखुशाली विचार, त्याचं उत्तर पूर्ण ऐक आणि मगच जनावरांबद्दल बोल. माझ्या विद्यार्थ्यांच्या त्या मुलखात आधी माणसाची विचारपूस करतात, काम त्यानंतर निघतं. तूही तसंच वागावंस, ही माझी इच्छा.

तुझी,
मावशी